समुद्राचा वास

आमचे गाव मांजरसुंबा. बीडहून सोलापूरकडे निघाले, की पालीच्या पुढे घाट चढून वर आल्यावर ते लागते. बालाघाटाच्या माथ्यावरचे हे गाव. येथून रस्ते अनेक दिशांना फुटतात. पाण्याला मात्र एकच दिशा ठाऊक आहे. उत्तरेच्या उताराला लागलेले पाणी बिंदुसरेला जाते, दक्षिणेकडचे मांजरेला जाते, आणि या दोघीही शेवटी गोदावरीच्या ओटीत शिरून पूर्वेकडे बंगालच्या उपसागराला मिळतात. तेव्हा आमच्या ओढ्यांनी समुद्र केव्हाच पाहिला आहे, असे म्हणायला हरकत नाही. गावच्या माणसांनी मात्र तो फारसा पाहिलेला नाही. मी स्वतः वयाच्या साठाव्या वर्षापर्यंत पाहिला नव्हता.

आणि तरीही मी तो पाहिला आहे, असे एकदा भर वर्गात सांगितले होते. मुलांनो, ती हकिकत आधी सांगितली पाहिजे. नाहीतर पुढच्या प्रवासाला काही अर्थ राहणार नाही.

1989 साल होते. मी शाळेत नवा होतो आणि सहावीला मराठी शिकवीत होतो. पाठात समुद्राचे वर्णन होते. मी फळ्यावर सागर, सिंधू, अर्णव, उदधी, रत्नाकर असे प्रतिशब्द लिहिले. लाटांचे तांडव, क्षितिजाची निळी रेघ, फेसाचे शुभ्र हार, असे पुष्कळ बोललो. माझ्याच बोलण्याची मला भूल पडली होती. इतक्यात मागच्या बाकावरून एक मुलगा उठला. त्याचे आईवडील दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन ऊस तोडायला जात आणि तो म्हाताऱ्या आजीपाशी गावात राही. त्याने विचारले, "गुरुजी, तुम्ही समुद्र बघितलाय का?"

नाही म्हणण्यास काय लागत होते? पण इतका वेळ जे बोललो, ते सगळे पुस्तकातले होते हे कबूल करणे माझ्या तरुणपणाला जड गेले. मी म्हणालो, "हो, पाहिला आहे की!"

मुलगा तेवढ्यावर खाली बसला नाही. त्याचे डोळे मोठे झाले. "मग गुरुजी, त्याचा वास कसा येतो?"

हा प्रश्न कोणत्याच पुस्तकात नव्हता. मी क्षणभर थांबलो आणि म्हणालो, "वास कसला येणार? पाण्याला कधी वास असतो का? बैस खाली."

तो बसला. तास संपला. वर्षे गेली. मी पुढे मुख्याध्यापक झालो, 2017 साली निवृत्त झालो. परंतु "बैस खाली" हे माझे शब्द मला मधूनमधून आठवत, आणि ते आठवले, की पायात काटा मोडून राहावा तसे होई.

तो मुलगा डी.एड. होऊन शिक्षक झाला. आमच्याकडची अनेक मुले नोकरीसाठी कोकणातील जिल्हा परिषदेच्या शाळांत गेली आहेत. तोही रत्नागिरी जिल्ह्यात गेला आणि तिकडेच त्याने बिऱ्हाड केले. दरवर्षी दिवाळीला त्याचे पत्र येई, पुढे फोन येऊ लागला. प्रत्येक वेळी एक वाक्य ठरलेले असे : "गुरुजी, एकदा रत्नागिरीला या." आणि प्रत्येक वेळी मी काहीतरी सबब सांगे. अखेर 2019 च्या फेब्रुवारीत मी जाण्याचे ठरविले.

ते वर्ष आमच्याकडे दुष्काळाचे होते. आदल्या पावसाळ्यात पाऊस रुसला होता. माघ महिन्यातच विहिरींचे तळ दिसू लागले होते आणि टँकरची वाट पाहत पिंपांच्या रांगा लागत होत्या. मी निघालो तेव्हा घरातून निरोप मिळाला, "एवढ्या पाण्याच्या गावी चाललात, तर येताना एक कळशी घेऊन या!" बोलणे थट्टेचे होते, पण दुष्काळी गावात पाण्याची थट्टाही पुरती थट्टा नसते.

मांजरसुंब्याच्या फाट्यावर एस.टी. मिळाली. गाडीत माघवारीला निघालेले वारकरी होते. शेजारच्या एका म्हाताऱ्या माळकऱ्याने मला विचारले, "गुरुजी, उद्या एकादस. पंढरीवरून पुढं कुठं निघालात?" मी म्हटले, "समुद्र पाहायला." तो जरा विचारात पडला आणि म्हणाला, "बघा. पर चंद्रभागेएवढं न्हाई तिथं." त्याला मी काय उत्तर देणार?

रात्री कोल्हापुरास मुक्काम केला आणि सकाळी रत्नागिरीच्या गाडीत बसलो. मलकापूर मागे पडले आणि आंब्याचा घाट आला. आमच्या बालाघाटालाही आम्ही घाट म्हणतो. पण आंबा घाटाच्या कड्यावरून गाडी खाली वाकली, तेव्हा मला आमचा घाट अंगणाच्या पायरीसारखा वाटू लागला. खाली दरीत दाट हिरवे रान, वर उघडे काळे कडे, आणि गाडी वळणावळणाने उतरते आहे. साखरप्यापर्यंत येताना हवा बदलली, झाडे बदलली, माणसांच्या बोलण्याचा सूर बदलला, आणि मातीचा रंगही बदलला.

हा मातीचा रंग माझ्या मनात भरला. आमची जमीन काळी. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. येथील जमीन गेरूसारखी तांबडी. आणि मौज अशी, की दोन्हींचे मूळ बहुतांशी एकच आहे. ज्या काळ्या कातळापासून आमची काळी माती झाली, त्याच जातीच्या कातळावर कोकणात युगानुयुगे पाऊस कोसळत राहिला. त्या पावसाने कातळातील विरघळणारे सारे वाहून नेले आणि लोखंड व ॲल्युमिनियम यांचे अंश मागे ठेवले. तोच हा जांभा दगड. लोखंडाला गंज चढावा तसा त्याचा रंग असतो. जमिनीतून तो कापून काढतात तेव्हा मऊ असतो आणि वारा लागला, की कठीण होतो. त्याचे चिरे काढून येथील लोक घरे बांधतात, विहिरी बांधतात, बागांची कुंपणे बांधतात. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. आमच्याकडे चांगल्या वर्षी सातशेच्या आतबाहेर. दगडाची जातच पाऊस बदलतो, मग माणसाच्या स्वभावाचे काय, असा एक विचार मनात येऊन गेला. पण तोवर हातखंबा आला.

स्थानकावर माझा विद्यार्थी उभा होता. केस विरळ झालेले, डोळ्यांवर चष्मा. भर गर्दीत त्याने वाकून नमस्कार केला. "गुरुजी, आधी घरी चला, हातपाय धुवा, चहा घ्या," असे तो म्हणू लागला. मी म्हणालो, "चहा मागाहून. आधी समुद्र." तो हसला आणि मला आपल्या स्कूटरवर मागे बसवून मिरकरवाड्याच्या बंदराकडे निघाला.

शहर ओलांडून आम्ही उताराला लागलो. समुद्र अजून दिसत नव्हता. घरांच्या फटींतून कुठे निळा तुकडा चमके आणि लपे. आणि मग, डोळ्यांना काही दिसण्यापूर्वीच, वास आला.

तो वास मी कसा सांगू? त्यात मीठ होते, ओले शेवाळ होते, वाळत घातलेली मासळी होती, दोरखंडांचा आणि लाकडाचा कुबट दर्प होता, आणि या सगळ्यांच्या तळाशी आणखी काहीतरी जुने, खोल, गंधकासारखे होते. समुद्रातील शेवाळे आणि डोळ्यांना न दिसणाऱ्या सूक्ष्म वनस्पती कुजतात, तेव्हा त्यांतून गंधकाचा अंश असलेला एक वायू निघतो आणि समुद्राच्या वाऱ्याला तो ओळखू येणारा वास देतो, हे मी पुढे वाचले. त्या वेळी मला एवढेच कळले, की हा वास नाकाने नव्हे, तर साऱ्या अंगाने घेतला जात आहे. आणि तो समोरून येताच तीस वर्षांपूर्वीचा तो वर्ग, तो फळा आणि तो मागचा बाक माझ्यापुढे उभा राहिला. ज्याला मी "वास कसला येणार?" म्हणून बसविले होते, तोच माझ्यापुढे स्कूटर चालवीत होता.

बंदरात बोटींची दाटी होती. शेकडो बोटी एकमेकींना खेटून उभ्या होत्या आणि प्रत्येकीवर रंगीत निशाणे फडफडत होती. नुकत्याच लागलेल्या बोटींतून मासळीच्या टोपल्या उतरत होत्या. बांगडे, सुरमई, कोळंबी, म्हाकुल, अशी नावे माझा विद्यार्थी मला सांगत होता. धक्क्यावर लिलाव चालला होता. त्यात स्त्रियांचा आवाज सर्वांत मोठा. डोळ्यांच्या एका इशाऱ्यावर भाव ठरे आणि टोपली उचलली जाई. आमच्या बाजारात बैलाचा सौदा उपरण्याखाली बोटे धरून होतो. येथे सगळे उघड्यावर आणि ओरडून. मी जन्माचा माळकरी; मासळीशी माझा संबंध नाही. पण बर्फाच्या चुऱ्यात मांडलेल्या त्या रुपेरी माशांकडे पाहताना मला, खरे सांगतो, किळस आली नाही. पहाटे तीन वाजता खवळत्या पाण्यात जाऊन आणलेले ते पीक होते. आमच्या कुणब्याच्या ज्वारीसारखेच ते आभाळाच्या लहरीवर अवलंबून. पावसाळ्यात यांत्रिक बोटींना समुद्रात जाण्याची मनाई असते, कारण तो माशांच्या विणीचा काळ असतो. मग नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ अर्पण करतात आणि पुढे हंगाम सुरू होतो.

तेथून आम्ही रत्नदुर्गावर गेलो. हा किल्ला घोड्याच्या नालेच्या आकाराचा आणि तिन्ही बाजूंनी समुद्राने वेढलेला आहे. शिवाजी महाराजांनी तो आदिलशाहीकडून घेतला. आत भगवतीचे देऊळ आहे. समोरच्या टेकाडावर दीपगृह आहे. देवीचे दर्शन घेऊन आम्ही तटावर जाऊन बसलो. आता मात्र समुद्र सगळाच्या सगळा समोर होता. मी शिकविताना जे जे शब्द वापरले होते, त्यांपैकी एकही मला आठवेना. मनात आले ते एवढेच : एवढे पाणी! आणि लगेच आठवली ती आमच्या गल्लीत ओळीने मांडलेली रिकामी पिंपे.

बराच वेळ कोणी बोलले नाही. मग मी म्हणालो, "तुला एक सांगायचे आहे. तू सहावीत असताना मला एक प्रश्न विचारला होतास."

"दोन विचारले होते, गुरुजी," तो म्हणाला.

म्हणजे त्याला आठवत होते! मी मान खाली घालून म्हटले, "मी तेव्हा समुद्र पाहिलेला नव्हता. आज पहिल्यांदा पाहतो आहे."

तो समुद्राकडेच पाहत राहिला. मग हळूच म्हणाला, "मला ठाऊक आहे. नोकरीवर हजर व्हायला आलो, त्या दिवशी मी आधी मिरकरवाड्यावरच गेलो होतो. तिथं वास आला आणि कळलं."

"रागावला नाहीस?"

"रागावलो होतो. दोन दिवस रागावलो होतो. तुमच्यासारखंच शिकवायचं, असं ठरवून मी शिक्षक झालो होतो. मग वर्गावर गेलो, तर पहिल्याच आठवड्यात एका मुलीनं विचारलं, 'गुरुजी, तुम्ही बर्फ पडताना पाहिलाय?' हो म्हणणं जिभेवर आलं होतं, गुरुजी. अगदी जिभेवर. तेव्हा तुमची आठवण झाली आणि माझा राग गेला."

"मग काय सांगितलेस तिला?"

"नाही म्हणून सांगितलं. मग आम्ही दोघांनी मिळून पुस्तकात शोधलं."

मी काही बोललो नाही. सूर्य पाण्याला टेकत आला होता. त्याने विषय बदलून मला उठविले, आणि आम्ही मांडवीच्या किनाऱ्यावर उतरलो.

मांडवीची वाळू काळसर आहे. मी चपला काढून ठेवल्या आणि धोतर वर धरून पाण्यात उभा राहिलो. पायाखालची वाळू सरकू लागली, तशी पृथ्वीच सरकते आहे की काय, असे वाटून मी लहान मुलासारखा ओरडलो. एकीकडे लाल सूर्य बुडत होता आणि दुसरीकडे एकादशीचा चंद्र वर आला होता. त्या नादात मागे वळून पाहतो, तो एक चप्पल नाही! पाण्याने केव्हाच उचलली होती. जवळ जाळे विणीत बसलेला एक वृद्ध कोळी हसत म्हणाला, "गुरुजी, भरती लागलीय. आज एकादशी ना? सव्वाआठला पुरी भरेल."

मी घड्याळ पाहिले, पंचांग आठवले, पण या दोहोंची सांगड मला लागेना. तेव्हा त्याने मला त्यांचा हिशेब शिकविला. जी तिथी असेल तिची पाऊणपट करायची. तेवढ्या वाजता साधारण पूर्ण भरती. एकादशीच्या अकराची पाऊणपट सव्वाआठ. अष्टमीला सहा. चतुर्थीला तीन. सकाळी एकदा आणि रात्री एकदा. भरतीनंतर सहा-सव्वासहा तासांनी ओहोटी. चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटे उशिरा उगवतो आणि समुद्र त्याच्या ओढीने उठतो, म्हणून भरतीही रोज तेवढीच मागे सरकते, हे मी भूगोलाच्या पुस्तकात वाचले होते. परंतु पाऊणकीच्या पाढ्यात समुद्र बसविता येतो, हे मला एम.ए. होऊनही माहीत नव्हते. त्या म्हाताऱ्याला मी मनोमन नमस्कार केला. "आणि चपलेचं काय?" असे विचारले, तर तो म्हणाला, "तो ठेवून घेत नाय काही. कुठंतरी टाकील आणून." माझी चप्पल काही मला मिळाली नाही, दुसऱ्या दिवशी बाजारातून नवी घ्यावी लागली.

दुसरा दिवस रविवारचा. सकाळी आम्ही टिळक आळीत लोकमान्यांचे जन्मघर पाहिले. 23 जुलै 1856 रोजी टिळकांचा जन्म झाला. त्यांचे वडील गंगाधरपंत शिक्षक होते. उतरत्या छपराचे, अंगण आणि माडांच्या सावलीचे ते साधे घर आहे. त्यानंतर पतितपावन मंदिरात गेलो. सावरकर रत्नागिरीत स्थानबद्ध असताना, 1931 साली, भागोजीशेठ कीर यांच्या पैशाने हे मंदिर उभे राहिले. कोणत्याही जातीच्या माणसाला ज्याच्या गाभाऱ्यापर्यंत जाता येईल, असे देऊळ त्या काळी बांधणे ही लहान गोष्ट नव्हती.

पण माझे पाय खरे रेंगाळले ते थिबा राजवाड्यात. ब्रह्मदेशचा शेवटचा राजा थिबा याला इंग्रजांनी 1885 साली पदच्युत केले आणि आधी मद्रासला व 1886 साली येथे आणून ठेवले. खाडीकडे तोंड करून टेकडीवर उभा असलेला हा तीन मजली वाडा त्याच्यासाठी 1910 साली बांधून पूर्ण झाला. अर्धवर्तुळाकार कमानींच्या लाकडी खिडक्या, सागवानाचे काम, उंच दालने. वाडा राजाला शोभणारा आहे. परंतु त्याच्या दारातून बाहेर पडून आपल्या देशाला जाण्याची मात्र राजाला मोकळीक नव्हती. 1916 च्या डिसेंबरात तो येथेच वारला. तीस वर्षे! बरोबर तेवढीच वर्षे मी माझी एक लहानशी खोटी गोष्ट सांभाळली होती, असे उगाच मनात आले. राजाच्या दुःखाशी आपली तुलना करू नये हे खरे. पण मन कोठे ऐकते?

इतिहासाचा खेळ पाहा. 1857 च्या उठावानंतर इंग्रजांनी दिल्लीच्या बादशहाला, बहादुरशहा जफरला, ब्रह्मदेशातील रंगूनला पाठविले आणि तो 1862 साली तेथे मरण पावला. मग ब्रह्मदेशच्या राजाला त्यांनी हिंदुस्थानात आणून ठेवले. एकाचा देश तो दुसऱ्याचा तुरुंग. थिबाची राणी 1919 साली मायदेशी परतली. पण राजाची समाधी रत्नागिरीतच राहिली. खिडकीतून मी पाहिले, तर खाली भाट्याची खाडी, माडांच्या रांगा आणि पलीकडे समुद्र. इतके सुंदर दृश्य, आणि ते रोज पाहणाऱ्याला त्याचा केवढा वीट आला असेल! त्याचा देश पूर्वेकडे आणि हा समुद्र पश्चिमेकडे. म्हणजे जे पाणी तो पाहत होता, ते त्याच्या घरी जाणारे पाणीसुद्धा नव्हते.

दुपारी विद्यार्थ्याच्या घरी द्वादशीचे पारणे सोडले. उकड्या तांदळाचा भात, सोलकढी आणि कुळथाचे पिठले असा बेत होता. पहिला घास घेतला आणि ओळख पटली. "अरे, हे तर आपले हुलगे!" असे मी म्हणताच त्याच्या घरातील मंडळी हसू लागली. आमचा हुलगा तोच त्यांचा कुळीथ. इतकी माती, इतका पाऊस बदलूनही हे एक कडधान्य घाट उतरून आले होते आणि नाव बदलून सुखाने राहत होते.

जेवणानंतर आरे-वारेच्या रस्त्याने मालगुंडला निघालो. डोंगराच्या कुशीतून जाणारा हा रस्ता एका वळणावर असा उघडतो, की खाली दूरवर पांढऱ्या फेसाची झालर दिसते. तीन वाजून गेले होते. द्वादशीची भरती नऊला, म्हणजे ओहोटी आता. मी आधीच हिशेब करून ठेवला होता, आणि तो बरोबर निघाला याचा मला पेपर तपासून झाल्यासारखा आनंद झाला. समुद्र दूर मागे गेला होता. ओल्या वाळूवर बारीक बारीक खेकड्यांनी मोहरीएवढ्या गोळ्यांची नक्षी काढली होती. आमच्या दारात सणाला ठिपके काढावेत तशी. हे खेकडे वाळूतील अन्नकण खातात आणि उरलेल्या वाळूची गोळी करून बाजूला ठेवतात. पाऊल जवळ आले, की क्षणात बिळात नाहीसे होतात. रात्रीच्या भरतीत सारी नक्षी पुसली जाते आणि उद्या पुन्हा नवी. मी तेथे पाण्यात बरेच आत जाऊन एक लिटरची बाटली समुद्राने भरून घेतली.

मालगुंड हे केशवसुतांचे गाव. कृष्णाजी केशव दामले हे त्यांचे नाव. 1866 साली त्यांचा जन्म झाला. वडील शिक्षक, आणि पुढे तेही शिक्षकच झाले. त्यांचे जन्मघर आणि स्मारक येथे जपले आहे. मराठी कवितेला ज्यांनी नवे वळण दिले आणि सुनीत हा प्रकार आपल्या भाषेत आणला, त्यांच्या कविता मी कितीतरी वर्षे शिकविल्या. घर पाहिले, तर कौलारू, जुन्या पद्धतीचे, मागे माड. 1905 साली, वयाची चाळिशीही गाठण्यापूर्वी, हुबळीला प्लेगने त्यांचा अंत झाला. त्या ओसरीवर मी थोडा वेळ बसून राहिलो. येथे मात्र मला कोणाजवळ काही कबूल करायचे नव्हते, म्हणून बरे वाटले. जवळच गणपतीपुळ्याला जाऊन देवाचे दर्शन घेतले, गर्दी पुष्कळ होती, आणि अंधार पडता पडता परतलो.

सोमवारी मी परतीची गाडी धरली. बाटली मांडीवर घेतली होती. गावी पोहोचलो त्या दिवशी टँकर आला होता. एका म्हातारीने बाटलीकडे पाहून विचारले, "गुरुजी, एवढ्या लांबून पाणी आणलं, ते बी एवढंच?"

दोन दिवसांनी मी सध्याच्या मुख्याध्यापकांची परवानगी घेऊन सहावीच्या वर्गात गेलो. खोली तीच. मी आधी 1989 ची गोष्ट सांगितली. काही लपविले नाही. मुले गप्प झाली. काही एकमेकांकडे पाहू लागली. गुरुजींनी असे काही सांगावे, हे त्यांच्या सवयीचे नव्हते. मग ते पाणी आम्ही एका परातीत ओतले, वर पातळ फडके बांधले आणि गच्चीवर उन्हात ठेवले. थोडे पाणी मात्र मी बाटलीत राखून ठेवले होते. दोन-तीन मुलांनी जिभेला लावून पाहिले आणि तोंडे वाकडी केली.

एका मुलाने विचारले, "गुरुजी, हे पाणी गोड करून टँकरनं आणता येत नाही का?"

त्या दिवसांत याहून मोठा प्रश्न आमच्या गावात दुसरा नव्हता. मी सांगितले, की गोड करता येते; चेन्नईजवळ मिंजूर येथे 2010 पासून समुद्राचे पाणी अतिसूक्ष्म छिद्रांच्या पडद्यांतून दाबाने गाळून शहराला देतात. पण त्याला वीज फार लागते, खर्च फार येतो, आणि ते सह्याद्री चढवून बालाघाटावर आणायचे म्हणजे आणखीच. हे काम सूर्य फुकट करतो. तो समुद्राचे पाणी उचलतो, मीठ खाली ठेवतो आणि वारा ढगांना आपल्याकडे घेऊन निघतो. परंतु वाटेत सह्याद्री आडवा उभा आहे. ढग त्याच्यावर चढताना थंड होतात आणि आपला बहुतेक भार कोकणातच उतरवून ठेवतात. आपल्या वाट्याला येतो तो उरलेला ढग. त्यामुळे ते ज्या साली येतील, त्या साली शेतातले पाणी शेतातच अडवले पाहिजे. मुलगा म्हणाला, "मग सह्याद्रीच फोडला तर?" वर्ग हसला. मी हसलो नाही. मीही लहानपणी असाच विचार केला होता.

परात चार दिवसांनी कोरडी झाली. तळाशी पांढरा, किंचित करडा थर उरला. मुलांनी तो खरवडून किराणा दुकानातल्या काट्यावर वजन करून आणला. आम्ही पाऊण लिटर पाणी ओतले होते. ते पंचवीस ग्रॅमच्या आसपास भरले. लिटरमागे पस्तीस ग्रॅम मीठ असते, असे मी फळ्यावर लिहिले, तेव्हा मुलांनी लगेच त्रैराशिक मांडले आणि आमच्या खरवडण्यात किती वाया गेले, तेही काढून दाखविले.

तास संपत आला, तेव्हा पुढच्या बाकावरची एक मुलगी उठली. "गुरुजी, पण त्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर राहिलंच. समुद्राचा वास कसा येतो?"

मी मोठ्या विश्वासाने बाटली पुढे केली. "हा घे. स्वतःच घेऊन पाहा."

तिने झाकण उघडले, नाकाशी धरले आणि शेजारणीला दिले. शेजारणीने पुढे दिले. बाटली साऱ्या वर्गात फिरून परत आली. मग ती मुलगी अगदी प्रामाणिकपणे म्हणाली, "गुरुजी, कसलाच वास येत नाही."

मी बाटली नाकाशी नेली. खरेच, वास येत नव्हता. दिवसांमागून दिवस बंद राहिलेल्या त्या घोटभर पाण्यात शेवाळ नव्हते, वारा नव्हता, बोटी नव्हत्या. माझे तीस वर्षांपूर्वीचे खोटे उत्तर माझ्याच हाताने मी खरे करून दाखविले होते! मी बाटली टेबलावर ठेवली आणि काय सांगावे, याचा विचार करू लागलो.

तेवढ्यात मागच्या बाकावरून आवाज आला, "गुरुजी, बाजारात सुकटीच्या पाटीपाशी येतो, तसा असतो का?"

"त्याच्या बराच जवळ," मी म्हणालो. "पण त्यात वारा मिसळायला हवा."